आतल्या माणसाने लिहिलेलं बीटल्सचं चरित्र: किती खरं धरायचं?

गोष्टवेल्हाळ

मंडळी, गेले पंधरा दिवस जेफ एमरिकचं आत्मकथन वाचत होते. काल रात्री संपलं. डोक्यात झालेला गुंता घेऊन इथे आले आहे.

ज्यांना नाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एमरिक हा बीटल्सचा ध्वनिमुद्रक. लंडनच्या ईएमआय स्टुडिओत (तोच पुढे ॲबी रोड म्हणून ओळखला जाऊ लागला) १९६२ च्या सप्टेंबरमध्ये उमेदवारीला लागला तेव्हा सोळा वर्षांचा होता. एप्रिल १९६६ मध्ये, विसाव्या वर्षी, 'रिव्हॉल्व्हर' या अल्बमच्या मुद्रणाची सूत्रं त्याच्या हाती आली. पुस्तक २००६ चं, हॉवर्ड मॅसी यांच्या सोबतीने लिहिलेलं.

मुद्रणाची पानं इतकी जिवंत आहेत की मी दर दोन पानांनी थांबून गाणं लावत होते. पण माणसांचं काय? पॉल मॅकार्टनी समजूतदार आणि कामसू. जॉन लेनन लहरी, तरी मोठा. रिंगो गप्प. आणि जॉर्ज हॅरिसन सतत चाचपडतोय, कुरकुरतोय, गिटारच्या एका तुकड्यासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवतोय. जॉर्ज माझा लहानपणापासूनचा लाडका. वाचताना घशात आवंढा यायचा.

हा माणूस तिथे होता, मी नव्हते. मग त्याचं खोटं म्हणायचा मला काय अधिकार? पण सगळं खरं मानायलाही मन धजत नाही. आतल्या माणसाने लिहिलेलं चरित्र तुम्ही कसं वाचता? आणि बीटल्सबद्दल एकच पुस्तक वाचायचं तर कोणाचं?

नादखुळा

वाचनखूण साठवली. जॉर्जच्या बाजूने भांडायला मी आहेच, फक्त हाक मारा.

खर्ज

गोष्टवेल्हाळ, मी बरीच वर्षं रंगमंचावर ध्वनिव्यवस्था सांभाळली आहे, त्यामुळे हे पुस्तक माझ्यासाठी पोथीसारखं आहे. म्हणूनच थोडं सविस्तर लिहितो.

'रिव्हॉल्व्हर'चं पहिलं मुद्रण ६ एप्रिल १९६६ चं, 'टुमॉरो नेव्हर नोज'. जॉनची मागणी काय, तर माझा आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा यायला हवा. आता हे कोणत्या बटणाने होतं? एमरिकने जॉनचा आवाज हॅमंड ऑर्गनच्या लेस्ली स्पीकरमधून सोडला. त्यातला कर्णा पेटीच्या आत गरागरा फिरतो, त्यामुळे आवाज जवळ येतो, लांब जातो, हेलकावतो. तो बाहेर मायक्रोफोन लावून पुन्हा पकडला.

दुसरं, रिंगोचा बास ड्रम. ईएमआयचे नियम कडक. मायक्रोफोन ड्रमच्या इतका जवळ न्यायचा नाही, बिघडेल. एमरिकने पुढे नेला, आणि ड्रमच्या पोटात एक लोकरी स्वेटर कोंबला. चार गळ्यांचा स्वेटर, चौघांनी एकदम घालायचा. ड्रमचा घुमारा गेला आणि छातीत बसणारा ठोका आला. आज कुठल्याही कार्यक्रमात बास ड्रमच्या आत उशी किंवा घोंगडी दिसली की मी मनातल्या मनात त्या स्वेटरला नमस्कार करतो.

हे सगळं मी डोळे मिटून मानतो, कारण ते त्याच्या हाताने झालं आहे. हाताची आठवण सहसा दगा देत नाही. पण ॲबी रोडचा दुसऱ्या क्रमांकाचा स्टुडिओ डोळ्यांसमोर आणा. नियंत्रणकक्ष वरच्या अंगाला, मध्ये काच, खाली उतरायला जिना. चौघे खाली. म्हणजे एमरिकने बहुतेक वेळ त्यांची डोकी पाहिली आणि मायक्रोफोन उघडा असेल तेवढंच ऐकलं. जॉर्जच्या मनात त्या दिवशी काय होतं, हे त्या काचेतून कसं दिसणार?

शांभवी

खर्जकाका, प्रतिसाद फार आवडला, पण थोडी असहमत. काचेतून मन दिसत नसेल, पण चूक ऐकू येते. एमरिकचा कान वादातीत होता. जॉर्जला एखादा तुकडा जमत नव्हता असं तो म्हणतो तेव्हा ते मनाचं वाचन नाही, कानाची साक्ष आहे.

'टॅक्समन'चंच घ्या. गाणं जॉर्जचं, पण मधला गिटारचा सणसणीत तुकडा पॉलने वाजवला आहे. हे एमरिकने रचलेलं नाही.

नादखुळा

शांभवी, 'टॅक्समन'चं बरोबर, पण गोष्ट तिथेच सोडू नका. जॉर्जने स्वतः पुढे एका मुलाखतीत सांगितलं की पॉलने तो तुकडा वाजवला याचा मला आनंदच झाला, आणि त्याने माझ्यासाठी त्यात थोडा भारतीय ढंगही आणला. तो तुकडा पुन्हा ऐका, शेवटी स्वर कसे घरंगळत खाली येतात ते.

एकच प्रसंग. वरून पाहणाऱ्याला दिसला जॉर्जचा पराभव. खाली उभ्या असलेल्याच्या लेखी ती मित्राने दिलेली भेट होती. दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नसेल.

बोरू

धागा चांगल्या वळणावर आहे, म्हणून अधिकृत चरित्राबद्दल लिहितो. हंटर डेव्हिस यांचं, १९६८ चं. बीटल्स चालू असताना, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या घरात बसून लिहिलेलं हे एकमेव. यापेक्षा आतलं काय असणार?

आणि खरंच, मार्च १९६७ मध्ये पॉलच्या लंडनच्या घरी जॉन आणि पॉल 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स'च्या ओळी जुळवत होते तेव्हा डेव्हिस तिथे बसून होते. एक ओळ म्हणून बघायची, टाकायची, मध्येच जुनी गाणी वाजवायची, पुन्हा मूळ ओळीवर यायचं. गाणं जन्मताना पाहिलेला माणूस. स्टुडिओत जमिनीवर पडलेले गाण्यांचे कागद ते विचारून घरी न्यायचे, नाहीतर झाडणाऱ्यांनी ते कचऱ्यात टाकले असते. त्यातले कितीतरी आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

पण संमती म्हणजे कात्रीही आली. जॉनला वाढवणारी मिमी मावशी हस्तलिखित वाचून फार दुखावली. जॉनच्या उनाडक्या, शिव्या, चोऱ्या छापायच्या म्हणजे काय! जॉनने डेव्हिस यांना गळ घातली की मावशीला शांत करा. तडजोड अशी झाली की बालपणाच्या प्रकरणाला शेवट मावशीच्या शब्दांचा: जॉन दिवसभर मजेत असायचा. त्याआधीची पानं वाचली की कळतं, हे वाक्य कोणासाठी घातलं आहे.

याहून मोठी गाळलेली जागा ब्रायन एप्स्टाइनची. त्यांचा व्यवस्थापक, ज्याने त्यांना नोव्हेंबर १९६१ मध्ये लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबच्या तळघरात पाहिलं आणि जगापुढे आणलं. तो समलिंगी होता. इंग्लंडमध्ये जुलै १९६७ पर्यंत तो गुन्हा होता. कायदा बदलला आणि पुढच्याच महिन्यात, २७ ऑगस्टला, ब्रायन गेला. अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्याच्या आईला ते छापील पानावर सहन होणार नव्हतं, म्हणून डेव्हिस यांनी स्पष्ट लिहिलं नाही. ब्रायनचं स्वतःचं आत्मचरित्रही १९६४ मध्ये आलं होतं, शब्दांकन डेरेक टेलरचं. त्यातही ही बाब नाही, असूच शकत नव्हती. स्वतःच्या पुस्तकात ज्याला स्वतःबद्दल बोलता येत नाही, तो माणूस वाचताना माझ्या फार जवळचा झाला.

मिहिका

बोरू, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

डेव्हिस यांच्या पुस्तकाबद्दल जॉन स्वतः काय म्हणाला तेही इथे हवं. १९७० च्या डिसेंबरमधल्या त्या गाजलेल्या मुलाखतीत त्याने ते पुस्तक धुऊनपुसून काढलेलं म्हणून मोडीत काढलं. म्हणजे मावशीसाठी धुवायला सांगणाराही तोच, आणि धुतलं म्हणून चिडणाराही तोच. पण मला त्यात दुटप्पीपणा दिसत नाही. मधल्या अडीच वर्षांत त्याचं जगच उलटंपालटं झालं होतं.

टेकडीवरचा

नील ॲस्पिनॉलचं नाव अजून कोणी घेतलं नाही. शाळेत पॉल आणि जॉर्जच्या बरोबरचा. हिशेबनीस होण्याचं शिक्षण सोडून त्यांची गाडी चालवायला लागला. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं त्यांची ॲपल कंपनी (संगणकवाली नव्हे) सांभाळली, २००७ पर्यंत. सगळे करार, सगळी भांडणं, सगळी खाजगी दुःखं ठाऊक असलेला माणूस. २००८ मध्ये गेला. आत्मचरित्र लिहिलंच नाही.

मला वाटतं सगळ्यात आतला माणूस लिहीत नाही.

शांभवी

टेकडीवरचा, अगदी. फ्रिडा केली तशीच. लिव्हरपूलची मुलगी, चाहत्यांच्या मंडळाची सचिव, १९६२ पासून दहा वर्षं. ती पुढे कित्येक दशकं गप्प होती, २०१३ मध्ये एका माहितीपटात बोलली. चाहते रिंगोसाठी उशीचा अभ्रा पाठवायचे, 'त्याला यावर झोपायला सांगा आणि परत पाठवा.' फ्रिडा तो रिंगोच्या आईकडे नेऊन द्यायची. कचेरीतल्या मुलींनी दुसऱ्याच कोणाचे तरी केस बीटल्सचे म्हणून पाठवले, तर तिने त्यांना कामावरून काढलं. ती स्वतःही चाहतीच होती, म्हणून चाहत्यांना फसवणं तिला खपलं नाही.

नादखुळा

अभ्रा परत आल्यावर ती मुलगी तो धूत असेल का कधी? :)

मिहिका

न लिहिणाऱ्यांचं झालं, आता ज्याला लिहायचं होतं त्याचं ऐका. मॅल एव्हान्स.

सव्वासहा फुटांच्या आसपासचा धिप्पाड गडी. पोस्टखात्यात दूरध्वनीचं काम करायचा आणि कॅव्हर्नमध्ये दाराशी उभा राहायचा. जानेवारी १९६३ मध्ये नील आजारी पडला म्हणून लंडनहून लिव्हरपूलला गाडी न्यायची जबाबदारी मॅलवर आली. कडाक्याचा हिवाळा. वाटेत समोरची काच तडकली, पलीकडचं काही दिसेना. मॅलने हाताभोवती टोपी गुंडाळली, ठोसा मारून काच फोडली आणि बोचरं वारं तोंडावर घेत तशीच गाडी हाकली. मागे चौघं एकमेकांच्या अंगावर चळत रचल्यासारखे पडले, वरचा गारठला की त्याने खाली जायचं. पोहोचल्यावर मॅल लगेच काच दुरुस्त करून आणायच्या मागे लागला. हा आपल्याकडेच हवा, असं चौघांना वाटलं नसतं तरच नवल!

नंतर हा माणूस सगळीकडे आहे. 'अ डे इन द लाइफ'मध्ये रिकाम्या सोडलेल्या चोवीस मात्राखंडांचे आकडे मोठ्याने मोजणारा आवाज मॅलचा, आणि मोजणी संपल्यावर वाजणारं गजराचं घड्याळही त्यानेच लावलेलं. जानेवारी १९६९ च्या चित्रफितीत ऐरणीवर हातोडा मारणारा मॅल बघा, पोरासारखा खूश आहे.

आणि त्याच १९६९ च्या त्याच्या रोजनिशीत एक नोंद आहे. जॉर्जला सांगावं लागलं की माझ्याकडे पैसे नाहीत. बिलं येताहेत, बायकोची ओढाताण होते आहे, पण पगारवाढ मागवत नाही, कारण पोरांचेच दिवस वाईट चाललेत. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध चौकडीचा माणूस, आणि घरी पैसे नाहीत. तरी 'पोरांचे दिवस वाईट'.

त्याने आठवणींचं हस्तलिखित तयार केलं. पण ५ जानेवारी १९७६ ला लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांच्या गोळ्या लागून तो गेला. वय चाळीस. कागद प्रकाशकाच्या कोठारात धूळ खात राहिले, कित्येक वर्षांनी कुटुंबाच्या हाती आले, आणि त्यांच्या आधारे केनेथ वोमॅक यांनी लिहिलेलं चरित्र २०२३ मध्ये निघालं. गोष्टवेल्हाळ, एकच पुस्तक विचारत होतीस ना? माझं मत मॅलला. रोजनिशी त्या रात्रीची असते, तिला पुढे काय होणार हे माहीत नसतं.

आडवाट

थोडं अवांतर, पण मिमी मावशीवरून आठवलं. काही वर्षांपूर्वी लिव्हरपूलला तिचं घर पाहिलं, मेन्लव्ह ॲव्हेन्यूवरचं 'मेंडिप्स'. आता नॅशनल ट्रस्ट ते जपतो. पुढच्या दाराला एक चिमुकला, काचांचा ओसरीवजा भाग आहे. दोन माणसं उभी राहिली तर भरतो. गिटारचा आवाज घरात नको म्हणून मावशी जॉनला तिथे पाठवायची. मी तिथे उभी राहून नुसती टिचकी वाजवली तर ती गोल घुमून कानाशी आली. त्या काचेत त्याला स्वतःचा आवाज पहिल्यांदा मोठा वाटला असेल.

नंतर पॉलचं घर, फोर्थलिन रोड. बैठकीच्या खोलीत भिंतींना तीन वेगवेगळे कागद. पॉलच्या वडिलांनी गुंडाळ्यांचे उरलेसुरले तुकडे आणून लावले होते, तसेच पुन्हा लावले आहेत. या खोलीत दोघे समोरासमोर बसून लिहितानाचं छायाचित्र पॉलच्या भावाने, माइकने, काढलेलं आहे. पॉल डावखुरा, म्हणून दोन गिटारी आरशातल्यासारख्या दिसतात. मी कितीतरी चरित्रं वाचली, पण ती खोली इतकी लहान आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

खर्ज

आडवाट, अवांतर कसलं, हे तर अगदी विषयावर आहे. अजून लिहा.

जुना_सभासद

तरुण मंडळींनो, पीट बेस्टला विसरू नका. दोन वर्षं त्यांचा ड्रमवादक. हॅम्बुर्गच्या दिवसांत बरोबर होता, तिथे चित्रपटगृहाच्या पडद्यामागच्या कोंदट खोल्यांत झोपला. १६ ऑगस्ट १९६२ ला ब्रायनने कचेरीत बोलावून सांगितलं, तुझी जागा रिंगोला. तिघांपैकी एकही समोर आला नाही. त्याच्या आठवणींत कडवटपणा आहे म्हणून लोक त्या बाजूला सारतात. पण कडवटपणा म्हणजे खोटेपणा नव्हे. उलट हॅम्बुर्गमधले पहाटेपर्यंत वाजवायचे तास, उपासमार, मारामाऱ्या त्याने सांगितल्या तशा कोणी सांगितल्या? त्याला पुढचं वैभव मिळालं नाही, म्हणून त्याच्या डोळ्यांसमोर तेच दिवस लख्ख राहिले.

आणि खुद्द त्या चौघांची साक्षही जुळत नाही. 'इन माय लाइफ'ची चाल कोणाची? पॉल म्हणतो माझी, जॉन म्हणायचा बरीचशी माझी. २०१८ मध्ये काही गणितींनी स्वरांच्या सवयी मोजून कौल जॉनच्या बाजूने दिला. दोघांइतकं आत कोण होतं? तरीही.

बोरू

म्हणूनच कागद हवेत. ईएमआयच्या तारीखवार नोंदी, कोणत्या दिवशी कोणतं गाणं, कितवा प्रयत्न. मार्क लुइसन यांनी १९८८ मध्ये त्या फिती आणि नोंदी तपासून मांडल्या, त्यामुळे आज आपण आठवणी पडताळून पाहू शकतो. जुलै १९६८ मध्ये ताण असह्य होऊन एमरिक काम सोडून गेला. त्याच्यामागे त्या पांढऱ्या आवरणाच्या अल्बमचं काम पाहणाऱ्या केन स्कॉटने एमरिकच्या पुस्तकावर उघड आक्षेप घेतले आहेत. आतल्याला खोडणारा दुसरा आतला. गोष्टवेल्हाळ, तुमच्या मनाला जे टोचलं ते स्टुडिओतल्या लोकांनाही टोचलं.

उत्तररात्र

उशिरा आले, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१५ मार्च १९६७, जॉर्जचं 'विदिन यू विदाऊट यू'. त्या दिवशी स्टुडिओत दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजवायला लंडनमधले भारतीय कलाकार आले होते. जगात कोट्यवधी लोकांनी ते वादन ऐकलं, पण आवरणावर त्यांची नावं नव्हती. पन्नास वर्षांनी, २०१७ मध्ये, ती पुढे आली: अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कन्सारा, नटवर सोनी. पहिलं नाव वाचून मी खुर्चीतून उठलेच. अण्णा जोशी! दिलरुबा घेऊन ॲबी रोडच्या जमिनीवर बसलेले अण्णा जोशी!

हीसुद्धा आतली माणसं. जॉर्ज सतारीपुढे कसा बसायचा, साथीदारांशी किती अदबीने वागायचा, हे त्यांनी हातभर अंतरावरून पाहिलं. त्यांचं पुस्तक मिळालं तर बाकीची सगळी मी देऊन टाकेन.

आणि गोष्टवेल्हाळ, तो तबला मुद्रित कोणी केला? एमरिकनेच. मायक्रोफोन अगदी जवळ ठेवून, डग्ग्याची घुमक पकडून. त्या काळी तिथे तबला असा कोणी मुद्रित केलाच नव्हता, आणि तो याबद्दल अभिमानाने बोलला आहे. पुस्तकात जॉर्जवर अन्याय केला असेल, पण त्या रात्री जॉर्जच्या गाण्याची सेवा त्याने मन लावून केली आहे.

नादखुळा

उत्तररात्र, अंगावर काटा आला. भांडण मागे घेतलं.

गोष्टवेल्हाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस प्रतिसाद वाचतेय. उत्तररात्र, तुझं वाचून ते गाणं लावलं. डग्गा ऐकताना एमरिकवरचा राग कुठे गेला कळलं नाही.

खर्जकाकांचं काच आणि जिना डोक्यात ठेवून पुस्तकाची काही प्रकरणं पुन्हा वाचली. आता समासात पेन्सिलने 'हात' आणि 'काच' अशी खूण करत जातेय. 'हात' बरेच जास्त निघाले. मिहिका, पुढचं पुस्तक मॅलचंच, ठरलं.

खर्ज

छान! मग ते मागवेपर्यंत एक काम करा. 'अ डे इन द लाइफ'चा शेवटचा पियानोचा ठोका, २२ फेब्रुवारी १९६७ चा. जॉन, पॉल, रिंगो आणि मॅल एव्हान्स यांनी एकदम पट्ट्या दाबल्या, जोडीला त्यांचे संगीत-निर्माते जॉर्ज मार्टिन यांचं हार्मोनियम. स्वर विरत जातो तसा एमरिक आवाजाची खिटी हळूहळू वर ढकलत जातो, म्हणून तो चाळीसेक सेकंद टिकतो. अगदी शेवटी खिटी इतकी वर गेलेली असते की स्टुडिओतला श्वासदेखील सुटत नाही. कानाला हेडफोन लावा, दिवे घालवा, आणि शेवटपर्यंत थांबा.

गोष्टवेल्हाळ

आत्ताच ऐकलं. शेवटी एक खुर्ची करकरते! इतकी वर्षं ऐकतेय, कधी लक्षातच आलं नव्हतं. परत लावते.